पगार शहराचा, पत्ता गावाचा

‘आमच्याकडे राहायला या, दहा हजार डॉलर देतो!’

२०१८च्या जून महिन्यात ही बातमी जगभरातल्या ऑफिसांमधून भिरभिरत होती. कदाचित तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. हिंजवडीच्या नाहीतर पवईच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या तुम्ही दहा हजार गुणिले सदुसष्ट असा हिशेबही करून टाकला असेल. अमेरिकेतलं व्हरमाँट नावाचं एक चिमुकलं राज्य म्हणे लोकांना पैसे देऊन बोलावतंय! आणि गंमत म्हणजे नोकरी सोडायचीच नाही. लॅपटॉप उचलायचा, डोंगरात जाऊन राहायचं आणि काम आपल्या जुन्याच कंपनीचं करायचं. म्हणजे बॉस न्यूयॉर्कमध्ये, आपण हिरव्यागार डोंगरात, आणि वर बक्षीस. अजून काय हवं?

पुढे २०२० उजाडलं आणि अख्ख्या जगानेच लॅपटॉप घरी नेला. ‘आपण कुठूनही काम करू शकतो’ हे आपल्यालाही कळलं आणि बॉसलाही. मग कोकणात घर, हिमाचलमध्ये होमस्टे, गोव्यात सहा महिने... प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण असा निघालाच. पण ज्या गावात आपण लॅपटॉप घेऊन जातो, त्या गावाचं काय होतं? या प्रश्नाच्या उत्तरासाठी व्हरमाँटइतकी छान प्रयोगशाळा दुसरी नाही. कारण तिथे हा प्रयोग सगळ्या जगाच्या आधी, सरकारी पैशाने आणि चक्क कायदा करून झाला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी तिथे जाऊन आले. बोस्टनला माझा मावसभाऊ असतो. तिथली मराठी मंडळी ऑक्टोबर आला की थर्मासमध्ये चहा आणि डब्यात ठेपले भरून ‘फॉल कलर्स’ बघायला उत्तरेकडे गाड्या काढतात. दादा-वहिनीने यंदा दोन दिवसांऐवजी दोन आठवड्यांसाठी घर घेतलं होतं, कारण वहिनीचं ऑफिस आता तिच्या बॅगेत मावतं. मी मात्र रजेवर होते. सुट्टी एन्जॉय करायची आणि वहिनीचे कॉल चालू असताना गाव हिंडायचं, एवढाच माझा अजेंडा.

जाहिरात नसलेलं राज्य

बोस्टनहून निघालं की न्यू हॅम्पशायर पार करून कनेक्टिकट नदीच्या पुलावर यायचं. पूल ओलांडला की व्हरमाँट. पहिल्या पाच-दहा मिनिटांत काहीतरी वेगळं वाटतं, पण काय ते चटकन कळत नाही. मग ट्यूब पेटते. रस्त्याच्या कडेला एकही होर्डिंग नाही! ना बर्गर, ना वकील, ना कसले सेल. व्हरमाँटने १९६८ मध्येच कायदा करून होर्डिंगवर बंदी घातली. आपल्या एक्स्प्रेसवेवर पावलोपावली बिल्डरचे हसरे चेहरे बघायची सवय असलेल्या डोळ्यांना पहिल्यांदा चुकल्यासारखंच होतं.

त्या जागी दिसतात ते डोंगर. ग्रीन माउंटन्स असं नाव असलं तरी ऑक्टोबरात हिरवा रंग अल्पमतात असतो. मेपल लाल-केशरी, बर्च पिवळे, आणि मधूनच कुठेतरी पांढऱ्याशुभ्र चर्चचा टोकदार मनोरा. कॅलेंडरवरचं चित्र म्हणून आपण ज्याची टिंगल करतो, ते अक्षरशः समोर उभं असतं. मान्य करून टाकावं आणि गाडीची काच खाली करावी.

आता थोडा भूगोल. राज्याचं क्षेत्रफळ साधारण २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळपास दीडपट. आणि लोकसंख्या? २०२० च्या जनगणनेत ६ लाख ४३ हजार! २०११ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीतच ३१ लाख माणसं होती. अमेरिकेत वायोमिंग सोडलं तर याहून कमी माणसं दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. राजधानी माँटपेलियरमध्ये ८ हजारांच्या आसपास लोक राहतात. अमेरिकेतली ही सगळ्यांत छोटी राजधानी. सोनेरी घुमटाची विधानसभा आहे, पुस्तकांची दुकानं आहेत, नदी आहे, पण मॅकडोनाल्ड्स नाही. अशी ही अमेरिकेतली एकमेव राजधानी, आणि हे गावकरी मोठ्या अभिमानाने सांगतात.

राज्यातल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर अजून डांबर नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की या रस्त्यांचा असा काही चिखल होतो की त्या दिवसांना ‘मड सीझन’ असं वेगळं नावच आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि चिखल!

पैसे देऊन पाहुणे

इतक्या सुंदर राज्याला माणसं पैसे देऊन का बोलवावी लागली? उत्तर सोपं आहे. माणसं म्हातारी होत होती आणि पोरं निघून जात होती. अमेरिकेतल्या सर्वांत वयस्कर राज्यांत व्हरमाँटचा नंबर कायम वरचा. शाळांतली मुलं कमी कमी होत गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लाखावर असलेली विद्यार्थ्यांची संख्या आता ८५ हजारांच्याही आत आली आहे. शाळा बंद पडते, मग दुकान, मग पोस्ट. कोकणातल्या कुठल्याही वाडीत जाऊन या, ही गोष्ट तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

तेव्हा ३० मे २०१८ रोजी गव्हर्नर फिल स्कॉट यांनी एका कायद्यावर सही केली. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या माणसाने व्हरमाँटमध्ये बिऱ्हाड हलवलं, तर १ जानेवारी २०१९ पासून त्याला वर्षाला ५ हजार, एकूण १० हजार डॉलरपर्यंत खर्च परत मिळणार. सामान हलवणं, कॉम्प्युटर, इंटरनेट, को-वर्किंगची फी, असा सगळा खर्च. थोडक्यात, बिलं दाखवा आणि पैसे घ्या.

पण फाइन प्रिंट वाचलीत का? तीन वर्षांसाठी एकूण तरतूद होती ५ लाख डॉलरची. प्रत्येकाने पूर्ण रक्कम घेतली तर भागाकार करा: ५० माणसं! बातमी कोट्यवधींनी वाचली आणि पैसे पुरणार होते पन्नास जणांना. जाहिरातीचा विचार केला तर सौदा फारच स्वस्त पडला. होर्डिंग न लावणाऱ्या राज्याने जगभर लावलेलं हे सगळ्यांत मोठं होर्डिंग! ज्यांना मदत मिळाली, ते मदतीशिवायही आलेच असते का, हा प्रश्न तिथल्या सरकारी हिशेबनिसांपासून चहाच्या टपरीपर्यंत... चुकले, कॉफीच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला. मग करोना आला, आणि त्याचं उत्तर शोधायची गरजच उरली नाही. न्यूयॉर्क-बोस्टनचे लोक एक डॉलरही न मागता डोंगरात येऊन धडकले.

गावाने ओढलेली वायर

आमच्या घरातलं इंटरनेट भन्नाट होतं. मातीचा रस्ता, समोर गाई, मोबाइलला धड रेंज नाही, आणि वहिनीचा व्हिडिओ कॉल मात्र एकदाही अडकत नव्हता. हे कसं काय? चौकशी केली तर जी गोष्ट कळली, ती ऐकून मला थेट आपल्या सहकारी साखर कारखान्यांची आठवण झाली.

मोठ्या टेलिफोन कंपन्यांना डोंगरात वायर टाकणं परवडत नव्हतं. मैलाला चार घरं, कोण जाणार? तेव्हा २००८ च्या मार्चमध्ये पूर्व-मध्य भागातल्या वीसहून जास्त गावांनी ठरवलं की आपण एकत्र येऊन स्वतःचंच फायबर टाकायचं. ठरवलं कुठे, तर गावसभेत. मार्चचा पहिला मंगळवार हा व्हरमाँटमध्ये ‘टाउन मीटिंग डे’ असतो. गावकरी हॉलमध्ये जमतात, रस्त्याच्या बजेटपासून बुलडोझरपर्यंत सगळ्यावर तावातावाने बोलतात आणि हात वर करून मत देतात. फायबरला हात वर झाले. त्याच वर्षी जगाचा बाजार कोसळला आणि कर्ज देणारे गायब झाले. मग गावातल्याच लोकांनी हातउसने दिल्यासारखे आपले पैसे कर्जरोख्यांत घातले. २०११ मध्ये बार्नार्ड या खेड्यातल्या पहिल्या घरांत कनेक्शन आलं. ‘ईसीफायबर’ नावाची ही व्यवस्था आज त्या भागात धावतेय. २०१५ मध्ये कायदा झाला आणि इतर गावांनाही असे संघ काढता येऊ लागले.

सगळीकडे मात्र अशी चैन नव्हती. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर पोरं गाडीत बसून लायब्ररीच्या पार्किंगमध्ये अभ्यास करत होती, कारण गावात वाय-फाय तेवढंच. कुठल्या गावात कुठे उभं राहिलं की नेट मिळेल, याचा नकाशाच सरकारने काढला होता!

म्हणजे बघा, ज्या फायबरवर शहरातला माणूस येऊन आरामात काम करतो, ते त्याच्यासाठी टाकलेलंच नव्हतं. ते गावाने स्वतःच्या पोरांसाठी, दवाखान्यासाठी, शेतासाठी खस्ता खाऊन ओढलेलं होतं. पाहुणा नंतर आला.

गाईचं रिमोट वर्किंग

एका सकाळी वहिनीची स्टँड-अप मीटिंग चालू असताना मी शेजारच्या डेअरी फार्मवर गेले. मालक साठीचे. गोठ्यात काम थांबवायची सोय नव्हती, त्यामुळे ते काम करता करताच बोलत होते. सकाळी चारला पहिली धार, दुपारी दुसरी. रविवार नाही, नाताळ नाही. त्यांच्या लहानपणी आमच्या त्या एका रस्त्यावर पाच गोठे होते. आता हा एकच.

ही गोष्ट त्या एका रस्त्याची नाही. १९४० च्या दशकात व्हरमाँटमध्ये दुधाचे सुमारे ११ हजार फार्म होते. आता सहाशेसुद्धा उरले नाहीत. गाई मात्र त्या प्रमाणात घटल्या नाहीत, कारण जे टिकले ते मोठे झाले. दुधाचा भाव शेतकरी ठरवत नाही, हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही डेअरीवर ऐकू येईल, ते तिथेही ऐकलं. चेडार चीज, आइस्क्रीम, हिरव्या कुरणात चरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या गाई, ही व्हरमाँटची जगभरातली इमेज. ती ज्यांच्या जिवावर उभी आहे ते गोठे एकामागून एक बंद होतायत.

आणि जे चालू आहेत, तिथे धार कोण काढतं? बऱ्याच ठिकाणी मेक्सिकोहून आलेले मजूर. दूरवरून व्हरमाँटमध्ये येऊन काम करणारे तेही आहेत. पण त्यांना बक्षीस वगैरे नाही. अनेकांजवळ कागदपत्रंही नसतात, त्यामुळे गोठ्याबाहेर पाऊल टाकायची धास्ती. त्यांच्या संघटनेने बरीच वर्षं झगडून २०१७ मध्ये बेन अँड जेरीजबरोबर ‘मिल्क विथ डिग्निटी’ हा करार केला. आठवड्याची एक सुट्टी, नीट झोपायची जागा, किमान वेतन, अशा गोष्टी तेव्हा कुठे कागदावर आल्या. एकीकडे आपलं काम बॅगेत घालून येणारा आणि दुसरीकडे ज्याचं काम बॅगेत मावतच नाही असा, दोघे एकाच रस्त्यावर राहतात. एक ‘रिमोट वर्कर’, दुसरा नुसताच ‘वर्कर’!

फ्लॅटलँडर!

बाहेरच्यांसाठी व्हरमाँटमध्ये एक खास शब्द आहे: ‘फ्लॅटलँडर’. सपाटीवरचा माणूस. आपल्याकडे कोकणात ‘घाटी’ म्हणतात ना, त्याच्या नेमकं उलट, पण सूर तोच! तुमचा जन्म तिथला नसेल तर चाळीस वर्षं राहूनही तुम्ही फ्लॅटलँडरच.

खरी गंमत अशी की व्हरमाँटचे आज जगाला माहीत असलेले चेहरे बरेचसे फ्लॅटलँडरच आहेत. बर्नी सँडर्स मूळचे ब्रुकलिनचे. १९६८ मध्ये ते इथे आले आणि १९८१ मध्ये बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले. बेन आणि जेरी हे दोघे दोस्त न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेले. त्यांनी १९७८ मध्ये बर्लिंग्टनमधल्या एका जुन्या पेट्रोल पंपात आइस्क्रीमचं दुकान टाकलं. त्याही आधी, १९३२ मध्ये, हेलन आणि स्कॉट निअरिंग हे जोडपं न्यूयॉर्क सोडून इथे शेती करायला आलं. मेपलचा पाक काढून, दगडाची घरं बांधून वीस वर्षं राहिलं. पुढे शेजारच्या डोंगरावर स्कीइंगचा धंदा येऊ घातला तेव्हा वैतागून मेनला निघून गेलं! साठीच्या दशकात हायवे आले, त्यांच्यामागून लांब केसांची हिप्पी पोरं आली आणि त्यांच्यामागून बिल्डरही आले. बिल्डरांना वेसण घालायला १९७० मध्ये ‘अॅक्ट २५०’ हा जमीन वापराचा कडक कायदा झाला. आज तिथले डोंगर कॅलेंडरसारखे दिसतात याचं बरंचसं श्रेय त्या कायद्याला जातं.

तर बाहेरून माणसं येणं काही नवं नाही. मग आत्ताच एवढी धुसफुस का?

फरक एकच. पूर्वी जो आला, त्याला पोटासाठी तिथेच काहीतरी करावं लागलं. निअरिंग दांपत्याने मेपलचा पाक विकला. मेपलचं ‘शुगरहाउस’ म्हणजे थेट आपलं गुऱ्हाळच. चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन सिरप हातात येतं, आणि त्यासाठी लाकूड फोडणारा, रस गोळा करणारा, भट्टीशी रात्र जागवणारा असे सगळे लागतात. आइस्क्रीम विकायचं तर दूध शेजारच्या गोठ्यातूनच घ्यावं लागतं. म्हणजे पैसा गावातच फिरायचा, आणि आलेला माणूस गावाच्या बाजारभावातच जगायचा.

आजचा माणूस येतो तो शहराचा पगार घेऊन. त्याचं पोट गावावर नाही.

उलटी मनीऑर्डर

आपल्याकडे कोकणाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरची, असं म्हणायचे. माणूस मुंबईच्या गिरणीत, पैसा गावाला. घर तिथेच, म्हातारी तिथेच. तो पैसा येऊन गावात किराणा व्हायचा, कौलं व्हायची, गणपती व्हायचा. व्हरमाँटमध्ये ही मनीऑर्डर उलटी झाली आहे. पैशाबरोबर माणूसही आला आणि पैसे पाठवणाराही तोच, घेणाराही तोच.

आता यात वाईट काय? खरं तर बरंच काही चांगलंच आहे. तो तिथे आयकर भरतो, पोरांना तिथल्या शाळेत घालतो, भाजी तिथली घेतो. गावातल्या जनरल स्टोअरमध्ये मला एक मुलगी भेटली. २०२० मध्ये ब्रुकलिनहून आलेली, डिझायनर. दिवसा न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम करते आणि संध्याकाळी गावाच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. तिथे छोट्या गावांत आग लागली की बंब घेऊन धावतात ते शेजारीपाजारीच. तिच्या आधीच्या दहा वर्षांत त्या दलात तिशीच्या आतलं कुणी आलेलंच नव्हतं, असं स्टोअरच्या बाई कौतुकाने सांगत होत्या.

पण त्याच स्टोअरच्या नोटीस बोर्डवर मी दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी बघितल्या. एकीवर ‘माणूस हवा’, दुसरीवर ‘भाड्याने खोली हवी’. राज्यात बेकारी दोन-अडीच टक्क्यांच्या घरात. नर्स हव्यात, शिक्षक हवेत, बर्फ उपसणारे ड्रायव्हर हवेत. नोकरी मिळते, पण राहायला घर मिळत नाही. एक तर तिथल्या दर सहा-सात घरांतलं एक सुट्टीपुरतं उघडतं. या बाबतीत देशात फक्त मेन त्यांच्या पुढे. उरलेल्या घरांसाठी बोली लावायला येतो बोस्टन-न्यूयॉर्कचा पगार. गावातल्या नर्सचा पगार गावाच्या रुग्णालयाने ठरवलेला, आणि घराचा भाव तीनशे किलोमीटरवरच्या शहराने! बेघरांचं दरडोई प्रमाण काढलं तर हे सुंदर राज्य २०२२ आणि २०२३ मध्ये देशात अगदी वरच्या क्रमांकांत होतं. कॅलेंडरवर हे पान छापत नाहीत.

सगळा दोष लॅपटॉपवाल्यांचा, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. घरं बांधणंच अनेक वर्षं मंदावलेलं होतं. डोंगर वाचवणाऱ्या त्याच अॅक्ट २५० मुळे नवी घरं बांधणं कठीण आणि महाग झालं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. करोनानंतरच्या गर्दीने आधीच भरलेल्या एसटीत आणखी चाळीस जण चढवले, इतकंच. आणि ज्यांच्याकडे रिझर्व्हेशन नव्हतं, ते खाली राहिले.

फावडं कुणाच्या हातात?

माँटपेलियरच्या मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानात भिंतीवर कमरेच्या वर पेनाने एक रेघ मारलेली होती. खाली तारीख, जुलै २०२३. त्या महिन्यात नदी फुगली आणि राजधानीचा अख्खा बाजार पाण्यात गेला. बरोबर एका वर्षाने, जुलै २०२४ मध्ये, राज्यात पुन्हा पूर. हवामान बदलाच्या काळात ‘सुरक्षित’ राज्य म्हणून बरेच जण इथे आले होते. नदीला हे कुणी सांगितलेलं नसावं.

दुकानदार सांगत होता, पाणी ओसरलं त्या सकाळी माणसं फावडी-बादल्या घेऊन आपणहून आली. ओळखीची, अनोळखी, इथली, सपाटीवरची. तळघरातला चिखल उपसताना कुणी कुणाला जन्मगाव विचारत नव्हतं. चिखल उपसायचं काम मात्र झूमवर होत नाही. त्यासाठी त्या दिवशी तिथे असावंच लागतं.

व्हरमाँटच्या सरकारलाही हे हळूहळू उमगलं असावं. २०२० पासून त्यांनी बिऱ्हाड हलवायची मदत स्थानिक नोकरी धरणाऱ्यांनाही देऊ केली. म्हणजे इथल्या रुग्णालयात, इथल्या कारखान्यात कामाला लागणाऱ्यांना ५ हजारांपर्यंत आणि मागासलेल्या भागात गेलात तर साडेसात हजार डॉलरपर्यंत. २०२४ मध्ये अॅक्ट २५० मध्ये मोठा बदल करून गावठाणात घरं बांधणं सोपं केलं. या बातम्या मात्र तुमच्या-माझ्या फोनवर फॉरवर्ड होऊन आल्या नाहीत. घरं बांधण्याच्या बातमीत ग्लॅमर कुठून येणार?

आता आपली पाळी

हे सगळं दूर अमेरिकेतलं म्हणून सोडून देता येणार नाही. २०२५ मध्ये आपल्या सिक्कीमने पाक्योंग जिल्ह्यातल्या याकतेन गावाला ‘डिजिटल नोमॅड व्हिलेज’ म्हणून जाहीर केलं. होमस्टे, वाय-फाय, समोर हिमालय. पर्यटनाचा सीझन नसतानाही गावात चार पैसे यावेत, हा हेतू उत्तमच आहे. गोव्यातल्या गावांत भाड्याच्या घरांवरून चाललेली कुरकुर तर तुम्ही तिथल्या रिक्षावाल्याकडूनही ऐकली असेल. उद्या दापोलीत, भोरमध्ये, भंडारदऱ्यातही हेच होणार. जाणारे आपणच असणार.

जरूर जा. व्हरमाँटलाही जा. सप्टेंबरअखेर ते मध्य ऑक्टोबर हा रंगांचा काळ, एप्रिल मात्र टाळा. चिखलात रुतलेली गाडी ओढायला गावकऱ्यांना बोलवायची वेळ येईल. मेपल क्रीमी नावाचं सॉफ्ट आइस्क्रीम खा आणि अॅपल पायबरोबर चेडारचा तुकडा खाऊन बघा, विचित्र वाटतं पण सॉलिड लागतं. मार्चमध्ये असाल तर एखादी टाउन मीटिंग मागच्या बाकावर बसून ऐका.

आणि आपल्याकडच्या एखाद्या गावात सहा महिन्यांसाठी, सहा वर्षांसाठी किंवा कायमचं घर घ्यायचं मनात असेल, तर वाय-फायचा स्पीड किती, हे जरा नंतर विचारा. आधी विचारा की या घरात याआधी कोण राहत होतं, आणि ते आता कुठे राहतात.